चांगलं पाणी

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही, तरी आमच्याकडे धक्का होता. बेलापूरच्या स्टेशनाला लागून दगडी बांधणीचा लांबलचक फलाट, पुढ्यात मालगाडीचे रूळ आणि मागं पत्र्याच्या गोदामांची रांग. त्याला सगळे मालधक्का म्हणायचे. खताची रॅक, म्हणजे अख्खी मालगाडी यायची, सिमेंट यायचं, आणि इथून साखरेची पोती मुंबईच्या बंदराकडे जायची. नव्वदीतल्या मधल्या वर्षांत मी तिथं एका वाहतूक कंपनीत वायरमन म्हणून लागलो. माझं गाव पारनेरकडचं, कोरडवाहू. आयटीआय करून आलेला, वय तेवीस, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत. त्या समजुतीपायी मी एका माणसाचं जे नुकसान केलं, ते इथं लिहितो आहे. लिही म्हणून कुणी मागं लागलेलं नाही.

धक्क्यावरून गोदामात पोती न्यायला तेव्हा बैलगाड्या होत्या आणि दोन डिझेलचे ट्रॅक्टर. ट्रॅक्टर गोदामाच्या आत शिरला की पत्र्याखाली धूर कोंडायचा. एकदा साखरेची अख्खी खेप बंदरावरून परत आली. पोत्यांना डिझेलचा वास येतो म्हणून परदेशी गिऱ्हाइकाच्या माणसानं ती नाकारली होती. मुंबईच्या ऑफिसात बैठका झाल्या आणि ठरलं, की बेलापूरच्या धक्क्यावर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आणायच्या. धूर नाही, आवाज नाही, वास नाही. इथं जमलं तर बंदरावरच्या गोदामांतही तशाच गाड्या घ्यायच्या असा बेत होता.

चार गाड्या आल्या. पिवळ्या, बसक्या, पुढं चालवणाऱ्याची बैठक आणि मागं सपाट फळी. हमालांनी दोन दिवस त्यांच्याकडे बघितलं आणि नाव ठेवून टाकलं, मुकी. ‘मुकी आली, सरका.’ तिचा आवाज येत नसल्यानं पहिल्याच आठवड्यात ती दोघांच्या पायांच्या बोटांवरून गेली, आणि त्या दोघांनी तिला जे काही ऐकवलं ते ती खरोखरच मुकी होती म्हणून तिनं ऐकून घेतलं. तिचं चार्जिंग, तिचं पाणी, तिच्या वायरी हे सगळं माझ्याकडे. तिच्यावर बसणारी माणसं शोधून त्यांना शिकवायचं कामही धक्क्यावरच्या साहेबांनी माझ्याच गळ्यात घातलं.

गाडीवानांसाठी कंपनीची अट अशी, की बैलगाडी धक्क्यावर आणणं बंद करील त्यालाच मुकीवर बसायला मिळेल. खाकी कपडे, महिन्याचा पगार, सहा महिने बघून मग कायम. कुणी पुढं येईना. बॅटरी म्हणजे रेडिओची, टॉर्चची. त्यावर पोती ओढायची म्हणजे पोरखेळ वाटायचा त्यांना. तेव्हा मी मामांच्या मागं लागलो.

धक्क्यावर सगळेच त्यांना मामा म्हणत. पन्नाशीचे, काटक, बेलापूरच्या बौद्ध वस्तीतले. गाडीवानांत सगळ्यात जुने आणि सगळ्यात कमी बोलणारे. दुपारच्या चहाला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्यांचं, कारण बाकीच्यांना अक्षर ओळखीचं असलं तरी सरावाचं नव्हतं. त्यांच्या गाडीच्या साट्याखाली एक ॲल्युमिनिअमचा कॅन टांगलेला असायचा, वस्तीतल्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला. स्टेशनचा नळ मचूळ. तोंडात धरवायचा नाही. हमाल आधी मचूळच प्यायचे. मग एका उन्हाळ्यात एकानं मामांच्या कॅनमधलं पाणी घेतलं, मग दुसऱ्यानं, आणि मी कामाला लागलो तोवर सगळी टोळी त्याच कॅनवर अवलंबून होती. एकटा गोडाऊनकीपर घरून तांब्या आणायचा.

त्या विहिरीबद्दल मामा मला एकदाच बोलले. मी पाणी पिऊन ‘काय गोड आहे हो’ म्हणालो, म्हणून.

“आमी बौद्ध झालो, त्याच्या दुसऱ्या साली खांदली,” ते म्हणाले. “समद्या भावकीनं. त्याच्या आधी माजा बाप गावच्या आडावर घागर घिऊन हुबा ऱ्हायचा. कुनी वरून वतलं तर पानी. हीर लागली तवा त्यानं आमाला सांगितलं, आता पान्यासाठी कुनाफुडं हुबं ऱ्हायचं न्हाई.”

आमच्या गावात घागर वरून ओतणाऱ्यांत माझे आजोबा होते. मी कॅनचं झाकण लावलं आणि कामाला लागलो.

मामांना तयार करायला मला महिना लागला. बैलांचं काय करू, हा त्यांचा एकच प्रश्न. मी म्हणायचो, मामा, बैल म्हातारे होणार, धक्क्यावर बैलगाड्या बंदच होणार, आता पुढं व्हाल तर कायमची नोकरी. मला तसा शब्द द्यायचा अधिकार नव्हता, तरी मी तो दिला. शेवटी एका बाजाराला आम्ही दोघं बैल घेऊन घोडेगावला गेलो. व्यापाऱ्यानं रुमालाखाली मामांची बोटं धरली, सौदा झाला. मामांनी बैलांच्या गळ्यातली दावी सोडून घेतली, कारण दावं बैलाबरोबर द्यायचं नसतं. ती खांद्यावर टाकून ते टपरीशी आले आणि त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला.

“बैल काय, फुडंमागं पुन्यांदा घेता येतील,” मग ते म्हणाले. “पन त्या धक्क्यावर आमच्या वस्तीतला मानूस बसून काम करतोय असं कुनी पाह्यलंय का, भाचेबुवा? पोती उचलताना पाह्यलंय. सीटवर न्हाई.”

तेव्हा मला कळलं की पगारासाठी ते येत नव्हते. त्या बैठकीसाठी येत होते, आणि त्यासाठी त्यांनी घरातली बैलजोडी घालवली होती. मला अभिमान वाटला. एका माणसाचं आपण कल्याण करतो आहोत, असं मला मनापासून वाटलं.

मामा मुकी फार चांगली चालवायचे. बाकीचे तिघं मागून आले, मामांना बघून. तिघांना मामांनीच सरळ केलं. वळणावर हात कसा सैल सोडायचा, फळीवर ओझं कुठं ठेवायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. खाकी शर्टाला रोज इस्त्री. पहिल्या दिवशी वस्तीतली पाच-सहा माणसं रुळापलीकडे उभी राहून बघत होती, आणि मामा त्यांच्याकडे न बघता सरळ नाकासमोर गाडी नेत होते. नवऱ्या मुलासारखे ताठ. मी त्यांना त्यावरून चिडवलं तर म्हणाले, “गप. सायेब बघतोय.”

बॅटरीचं शिकवताना मात्र मी शहाणपणा केला. बॅटरीच्या पेटीत बुचांची ओळ असते. बूच काढून आत बघायचं, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर वरून पाणी घालायचं. हे पाणी साधं नसतं. वाफ करून थंड केलेलं, ज्यात कसलाही क्षार नाही असं, डिस्टिल वॉटर. हे सगळं मी पुस्तकातल्यासारखं सांगितलं, तर चौघांचे चेहरे कोरे. मग मी म्हणालो, “असं समजा, हा बैल आहे. राबला की तहानतो. त्याला पाणी पाजायचं. कोरडा ठेवला की मेला.” हे मात्र चौघांना पटलं. मला माझं फार कौतुक वाटलं. डिस्टिलचे कॅन ॲसिडच्या बाटल्यांशेजारी चार्जिंगच्या खोलीत असायचे आणि खोलीची किल्ली माझ्या करदोट्याला. पाणी लागलं की मामा यायचे, मी कॅन त्यांच्या हातात द्यायचो, ते घालून परत आणून ठेवायचे.

चैत्रात आईचं दुखणं उपटलं. तिला नगरला दवाखान्यात हलवलं असा निरोप आला आणि मी पिशवी भरली. किल्ली गोडाऊनकीपरकडे दिली. एसटी फाट्यावर यायची वेळ झाली होती. मामा माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आले.

“डिस्टिल संपलं तर काय करू?”

“संपणार नाही.”

“आन संपलंच तर? ऊन लई हाय. रोजच्याला पितीया ती.”

“मग चांगलं पाणी बघून घाला, मामा. पण कोरडी ठेवू नका.”

हे मी बोललो. शब्दन् शब्द मला आठवतो. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो, की चांगलं पाणी म्हणजे बाजारातून दुसरं डिस्टिल आणा, असंच माझ्या मनात होतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात काहीच नव्हतं. मला एसटी पकडायची होती.

मी दीड महिना आलो नाही. आई आधी दवाखान्यात आणि मग गावी, आणि घरात मी एकटाच कर्ता. मागं धक्क्यावर काय झालं, ते मला नंतर हमालांच्या मुकादमानं सांगितलं. मामांनी स्वतः कधीच सांगितलं नाही.

मी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामा पाणी मागायला गोडाऊनकीपरकडे गेले. तो खुर्चीत बसला होता. त्यानं खोली उघडली, पण मामांना आत येऊ दिलं नाही. म्हणाला, “भांडं खाली ठेव आणि लांब हो, मी ओततो.” मामांनी भांडं उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्यानं आतून, उभ्यानं, वरून धार धरली. अर्धं पाणी फरशीवर सांडलं. ॲसिडची खोली, म्हणून लांब हो म्हणाला असेल. खरंच तसं असेल. भांडं खाली ठेव हे मात्र मला ॲसिडशी जुळवता आलं नाही, आणि मामांनाही आलं नसणार. त्यांनी सांडून उरलं तेवढं पाणी उचललं, एका गाडीला घातलं, आणि पुन्हा त्या दाराशी गेले नाहीत. त्यांच्या लेखी डिस्टिल त्या दिवशी संपलं.

मग त्यांनी चांगलं पाणी बघितलं. त्यांना माहीत असलेलं सगळ्यात चांगलं पाणी. रोज सकाळी घरून दोन कॅन आणायचे, एक हमालांना आणि एक गाड्यांना. फडक्यानं गाळून, बुचाबुचातून, चारही गाड्यांना. उन्हाळाभर एकाही बॅटरीची प्लेट त्यांनी उघडी पडू दिली नाही.

मी परत आलो तेव्हा गाड्या दम टाकायला लागल्या होत्या. सकाळी भरलेली बॅटरी दुपारपर्यंत टिकायची ती दोन-तीन खेपांत बसायची. भारनियमनामुळं चार्जिंग पुरत नसेल, असं मला आधी वाटलं. मग मी बुचं उघडली. आत प्लेटांवर पांढरट-तांबूस पुटं धरली होती. मी मामांना विचारलं, पाणी कुठलं घातलं? ते म्हणाले, “आपलंच. गोडं.” त्यांच्या चेहऱ्यावर, कोरडी ठेवली नाही ना, बघ, असा भाव होता. गोडं पाणी माणसाला गोड. त्यात चुना असतो, लोह असतं, म्हणून तर त्याला चव असते. आणि नेमकं तेच बॅटरीच्या जिवावर उठतं. हे मी त्यांना त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी एवढंच म्हणालो, “बघतो मी.”

बघायला वेळ मिळाला नाही. पेरणीच्या तोंडावर खताची रॅक लागली. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, वेळेत रिकाम्या करायच्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी चारही मुक्या धक्का आणि गोदाम यांच्या मधोमध, पोत्यांसकट उभ्या राहिल्या. हमालांनी त्या ढकलून बाजूला केल्या. ढकलताना कुणीतरी म्हणालं, “बैल असता तर शेपटी तरी पिळली असती.” सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते बैठकीवरून उतरले नव्हते. त्यांना बसल्या जागी ढकलत नेलं. संध्याकाळपर्यंत डिझेलचे ट्रॅक्टर परत आले.

गाड्या बनवणाऱ्यांचा इंजिनिअर पुण्याहून आला. त्यानं काचेच्या नळीनं एकेक सेल तपासला आणि चारही बॅटऱ्या गेल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. साहेब, इंजिनिअर, गोडाऊनकीपर, मी, आणि टेबलासमोर उभे मामा.

“हे पाणी कुठलं?” साहेबांनी विचारलं.

“आमच्या वस्तीच्या हिरीचं. चांगलं पानी हाय सायेब.”

“डिस्टिलचे कॅन खोलीत भरलेले आहेत. ते का नाही घेतले?”

मामांनी गोडाऊनकीपरकडे पाहिलं नाही. “न्हाई घेतले,” ते म्हणाले.

“विहिरीचं घाल म्हणून तुला कोणी सांगितलं?”

आता माझं नाव येणार. कायम व्हायचे माझेही सहा महिने भरायला तीन आठवडे होते. आईच्या औषधाची चिठ्ठी माझ्या खिशात होती. हे सगळं मी आता कारण म्हणून सांगतो. त्या वेळी मला फक्त भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मामांनी माझ्याकडेही पाहिलं नाही.

“कुनी न्हाई, सायेब. माज्याच मनानं.”

साहेब माझ्याकडे वळले. “तू यांना शिकवलं होतंस ना?”

“हो,” मी म्हणालो. “डिस्टिलच घालायचं, असं शिकवलं होतं.”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते बोलायला इतकं सोपं गेलं. बाकीच्याबद्दल मी मूग गिळून बसलो. मामांना त्याच दिवसापासून गाडीवरून उतरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं, आणि त्यातला चोर मी होतो. खाकी कपडे धुऊन, इस्त्री करून त्यांनी दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या हाती परत पाठवले. बैल आधीच गेले होते. धक्क्यावर त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही.

इथवरचं मी कदाचित पचवलं असतं. माणूस पुष्कळ पचवतो. पण पुढं आणखी एक काम माझ्याकडे आलं. इंजिनिअरचा अहवाल इंग्रजीत होता. साहेब म्हणाले, याची मराठीत नोटीस करून फळ्यावर लाव, सगळ्यांना कळू दे. माझं अक्षर चांगलं होतं. अहवालात पाण्याला ‘कंटॅमिनेटेड’ म्हटलं होतं. त्याला मराठी शब्द शोधत मी बराच वेळ बसलो. आधी ‘जड’ लिहिलं, ते गावठी वाटलं. ‘क्षार असलेले’ लिहिलं, ते लांबलं. ‘अशुद्ध’ लिहून खोडलं. शेवटी ‘दूषित’ हा शब्द सुचला आणि तो मला एकदम सरकारी, वजनदार वाटला. ‘वस्तीवरील विहिरीचे दूषित पाणी वापरल्यामुळे बॅटऱ्या निकामी झाल्या.’ शब्द जितका भारी, तितका दोष माझ्यापासून लांब जातो असंही कुठंतरी आत वाटत असणार. साहेबांनी सही केली. एक प्रत फाइलला, एक मुंबईला, एक काचेच्या फळ्यात.

आठवड्यात त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला. मामांचा धाकटा भाऊ आमच्या टोळीत हमाल होता, तो आता पाण्याचा कॅन आणायचा. एका दुपारी मी बघितलं, कॅन सावलीत तसाच भरलेला आणि हमाल स्टेशनच्या नळाला रांग लावून उभे. त्याच नळाला, ज्याचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. मी एकाला विचारलं, काय रे, मचूळ का पिताय? तो नजर चुकवत म्हणाला, “लिवलंय न्हवं फळ्यावर. दूषित हाय म्हनं.” दुसरा हळूच म्हणाला, “म्हातारी माणसं सांगतच हुती.” गोडाऊनकीपर दारात उभा राहून तांब्यानं पाणी पीत होता. त्याला काही बोलायची गरजच नव्हती. मी तिथंच ओरडून सांगायला हवं होतं, की अरे गाढवांनो, बॅटरीला तुमच्या घरच्या आडाचं पाणी घातलं असतं तरी हेच झालं असतं, गंगेचं घातलं असतं तरी. मला राग आला होता. पण तो सगळा त्यांच्यावरच काढून मोकळं व्हावं असा राग होता, आणि तेवढं कळण्याइतकी अक्कल मला होती. मी खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. दोन दिवसांनी मामांच्या भावानं कॅन आणणं बंद केलं.

मुंबईहून पत्र आलं. बॅटरीगाड्यांचा प्रयोग स्थगित. बेलापूरची कामगार मंडळी अशा गाड्या हाताळण्यास तयार नाहीत, असा शेरा होता. चारही गाड्या गोदामामागं ताडपत्रीखाली गेल्या, ट्रॅक्टरचा धूर पुन्हा पत्र्याखाली कोंडायला लागला आणि मी कायम झालो.

कायम झाल्याचा कागद हातात आल्यावर मी मामांकडे गेलो. त्याआधी जायचं धाडस झालं नाही, हेही इथं लिहून ठेवतो. मामा वीटभट्टीवरून नुकतेच आले होते. हातापायांना लाल माती. मामींनी बाजेवर घोंगडी टाकली. मग त्या आत गेल्या, तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि दाराशीच थांबल्या.

“पानी देऊ का?” त्यांनी विचारलं. “का नगं?”

पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी असं विचारणारं घर मी तोवर पाहिलं नव्हतं. मी हात पुढं करून तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्यालो. त्यानं काही भरून आलं नाही. मामा बघत होते. मी बोलायला सुरुवात केली, त्या दिवशी फाटकाशी मीच तुम्हाला सांगितलं होतं, मी साहेबांपुढं बोलायला हवं होतं, वगैरे. त्यांनी हात वर केला.

“नोकरीचं ऱ्हाऊ दे, वायरमन. ती गेली.”

भाचेबुवा नाही, वायरमन.

“तू बोलला असतास तर तुजी पन गेली असती. म्हनून मीच बोललो न्हाई. त्याचं मला काई न्हाई. पन त्यो कागद तुज्या अक्षरातला हाय. धाकट्यानं सांगितलं, तवा मी येऊन वाचला. आमच्या हातच्या पान्याला इटाळ म्हनायचं लोकांनी सोडलं, त्याला किती वर्सं लागली तुला म्हाईत न्हाई. पोत्याखाली मान मोडून घेत घेत त्यांनी माज्या कॅनला तोंड लावलं. आन तू त्योच शब्द शिकल्या मानसाच्या भाषेत परत आनलास.” ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. “बाकी काई मागत न्हाई. तेवढा येक शब्द खोड.”

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी मी फळ्याची काच सरकवली आणि निळ्या पेनानं ‘दूषित’वर रेघ मारली. मग आणखी एक. मग खालचं अक्षर दिसेनासं होईपर्यंत. बरं वाटत होतं. दहा वाजता साहेब आले, फळ्यासमोर थांबले आणि त्यांनी मला हाक मारली.

“सही केलेल्या कागदावर ही खाडाखोड कोणी केली?”

मागं गोडाऊनकीपर उभा होता, दोन हमाल उभे होते. मामांचा भाऊ पोतं पाठीवर घेऊन चालला होता, तो ओझ्यासकट थांबला. मला फक्त ‘मी’ म्हणायचं होतं. मी तर आता कायम होतो.

“माहीत नाही, साहेब,” मी म्हणालो.

“मग नोटीस नवीन लिहून आण. होती तशीच.”

मी टेबलाशी बसलो, कोरा कागद घेतला आणि होती तशीच लिहिली. पहिल्या वेळी त्या एका शब्दापाशी मी बराच वेळ अडलो होतो. या वेळी अडलो नाही.